पाठ्यपुस्तकाची किंमत आणि त्याचा खर्च

मुंबईहून हावड्याकडे जाणारा लोहमार्ग नागपूर, गोंदिया व राजनांदगाव ही स्थानके मागे टाकून दुर्ग आणि भिलाई या जोडशहरांत प्रवेश करतो. बोरसी हा याच जोडशहरांच्या वस्तीचा एक भाग होय. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात करार होऊन भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहू लागला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्यामागोमाग वसाहती आल्या आणि वसाहतींमागोमाग विद्यालये आली. दुर्ग येथील शासकीय विज्ञान महाविद्यालय १९५८ मधील. आज ते विश्वनाथ यादव तामस्कर यांच्या नावाने ओळखले जाते. १९८६ मध्ये दुर्गला अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, २००५ मध्ये भिलाईस तंत्रशास्त्राचे विद्यापीठ, २०१५ मध्ये दुर्गचे स्वतंत्र विद्यापीठ आणि २०१६ मध्ये भारतीय तंत्रज्ञान संस्था सुरू झाली. एका जिल्ह्यात इतक्या शिक्षणसंस्था असल्यामुळे दर वर्षी सत्रारंभी हजारो घरांत एकच प्रश्न उभा राहतो: पुस्तकांचे काय करावयाचे?

शालेय जीवनात हा प्रश्न फारसा जाणवत नाही. शासकीय शाळांतून इयत्ता आठवीपर्यंतची पाठ्यपुस्तके विनामूल्य मिळतात. पुढील इयत्तांची पुस्तकेही सार्वजनिक संस्था छापीत असल्याने त्यांच्या किमती मर्यादित असतात, आणि कोणते पुस्तक घ्यावयाचे हे ठरलेले असते. महाविद्यालयाच्या दारात ही व्यवस्था संपते. तेथे एका विषयास एक पुस्तक नसून पुस्तकांची एक यादी असते. किंमत प्रकाशक ठरवितो, निवड प्राध्यापक करतात आणि पैसे पालक देतात. ज्या घरातील मुलगा किंवा मुलगी पहिल्यानेच महाविद्यालयात जात असेल, त्या घरात या यादीतील कोणते नाव आवश्यक व कोणते केवळ शोभेचे, हे सांगणारे कोणी नसते. परिणाम दोनपैकी एक होतो. एक तर सारी यादी विकत घेतली जाते आणि तिच्यातील अर्धी पुस्तके वर्षभर उघडलीही जात नाहीत. किंवा काहीच घेतले जात नाही आणि परीक्षेच्या पंधरवड्यात एखाद्या प्रश्नोत्तरी मार्गदर्शिकेवर भागविले जाते. पहिल्या प्रकारात पैसा वाया जातो, तर दुसऱ्या प्रकारात शिक्षणच वाया जाते. काटकसरीचा विचार करताना या दोन्ही हानी डोळ्यांपुढे ठेवल्या पाहिजेत.

किंमत व खर्च यांतील भेद

पुस्तकाच्या मागील बाजूस छापलेला आकडा ही त्याची किंमत होय. विद्यार्थ्यास त्या पुस्तकापोटी शेवटी जो भार सोसावा लागतो, तो त्याचा खर्च होय. या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे एका साध्या उदाहरणावरून ध्यानात येईल.

समजा, गणिताच्या एका चांगल्या पुस्तकाची किंमत ६०० रुपये आहे. पहिल्या विद्यार्थ्याने ते नवे घेतले, वर्षभर वापरले आणि पुढील वर्षाच्या विद्यार्थ्यास निम्म्या किमतीत, म्हणजे ३०० रुपयांस दिले. त्याचा खर्च ३०० रुपये झाला. दुसऱ्याने ते वापरून तिसऱ्यास १५० रुपयांस विकले, तेव्हा त्याचा खर्च १५० रुपये झाला. तिसऱ्याने ते स्वतःपाशी ठेवले, तरी त्याचाही खर्च १५० रुपयेच. ६०० रुपयांचे एक पुस्तक तिघांस पुरले आणि सरासरी प्रत्येकास २०० रुपयांस पडले.

आता समजा, दुसऱ्या एका विद्यार्थ्याने हे पुस्तक महाग म्हणून टाळले आणि दर सत्रास १५० रुपयांची एक मार्गदर्शिका घेतली. तीन वर्षांच्या सहा सत्रांत त्याचे ९०० रुपये गेले. सत्र संपताच मार्गदर्शिकेस कोणी ग्राहक राहत नाही. ती रद्दीत जाते. कमी किमतीची वस्तू अशा रीतीने अधिक खर्चाची ठरली, आणि तिच्यातून जे शिकावयाचे तेही अपुरेच राहिले.

यावरून एक सूत्र निघते. पुस्तकाचा खर्च त्याच्या किमतीवर जितका अवलंबून असतो, तितकाच ते किती जणांच्या व किती वर्षांच्या उपयोगी पडते यावरही असतो. पुस्तके स्वस्त करण्याचे जे जे उपाय आजवर यशस्वी झाले, त्या साऱ्यांच्या मुळाशी हेच सूत्र आढळते.

स्वस्त आवृत्त्यांचा इतिहास

स्वातंत्र्यानंतर उच्च शिक्षणाचा विस्तार झाला, तेव्हा विज्ञान व अभियांत्रिकी यांची बहुतेक पाठ्यपुस्तके परदेशांतून येत असत आणि त्यांच्या किमती पौंडांत वा डॉलरांत ठरत. भारतीय विद्यार्थ्यास त्या परवडणाऱ्या नव्हत्या. १९६० नंतरच्या काळात या अडचणीवर तीन दिशांनी मदत आली. ब्रिटिश सरकारच्या साहाय्याने ‘इंग्लिश लँग्वेज बुक सोसायटी’ या मालेत नामांकित ग्रंथांच्या अल्पमोली आवृत्त्या निघू लागल्या. अमेरिकेकडून आलेल्या धान्यापोटी जो रुपयांतील निधी साठला होता, त्यातून अमेरिकन पाठ्यपुस्तकांची भारतात स्वस्त पुनर्मुद्रणे झाली. आणि मॉस्कोच्या मीर प्रकाशनाने गणित, भौतिकी व अभियांत्रिकी यांची पुस्तके नाममात्र किमतीत उपलब्ध करून दिली. पिस्कुनोव्ह यांचे कलनशास्त्र आणि इरोदोव्ह यांचा भौतिकीतील उदाहरणांचा संग्रह ही नावे त्या पिढीतील विद्यार्थ्यांच्या ओठांवर होती. महाराष्ट्रात ही पुस्तके लोकवाङ्मय गृहामार्फत, तर इतरत्र पीपल्स पब्लिशिंग हाऊसमार्फत मिळत. ज्या देशाच्या साहाय्याने भिलाईचा कारखाना उभारला गेला, त्याच देशाची पुस्तके भारतीय अभियंत्यांच्या एका पिढीने अभ्यासली.

या तिन्ही योजना इतिहासजमा झाल्या आहेत. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाल्यावर मीरची अल्पमोली पुस्तके येणे थांबले. त्यांपैकी काहींची पुनर्मुद्रणे पुढे भारतीय प्रकाशकांनी केली. ब्रिटिश मालाही गेल्या शतकाच्या अखेरीस बंद पडली. तथापि त्यांनी एक धडा घालून दिला. मोठ्या संख्येने छापलेले व साध्या बांधणीचे पुस्तक मूळ किमतीच्या अल्पांशात देता येते, हे प्रकाशकांस पटले. आज परदेशी प्रकाशकांच्या भारतीय शाखा आपल्या ग्रंथांच्या ज्या खास आवृत्त्या काढतात, त्या याच अनुभवावर उभ्या आहेत. या आवृत्त्यांवर विशिष्ट देशांपुरतीच विक्री मर्यादित असल्याची सूचना छापलेली असते. मूळ व स्वस्त आवृत्तीच्या किमतींत किती अंतर असते याची कल्पना अमेरिकेतील एका खटल्यावरून येते. सुपाप किर्टसेंग हा थाई विद्यार्थी आशियातील स्वस्त आवृत्त्या मागवून अमेरिकेत विकीत असे. त्यातून एवढा नफा होई की प्रकरण तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि १९ मार्च २०१३ रोजी निकाल त्याच्या बाजूने लागला. कायदेशीररीत्या खरेदी केलेली प्रत पुन्हा विकण्याचा हक्क खरेदीदारास आहे, मग ती प्रत कोणत्याही देशात छापलेली असो, असे त्या न्यायालयाने मान्य केले.

देशी भाषांतील पुस्तकांसाठी दुसरा मार्ग अवलंबण्यात आला. विद्यापीठीय पातळीवरील ग्रंथ भारतीय भाषांतून निघावेत म्हणून केंद्र सरकारने चौथ्या योजनेच्या सुमारास राज्यांना अनुदान दिले. त्यातून मध्य प्रदेशात १९६९ मध्ये हिंदी ग्रंथ अकादमी स्थापन झाली आणि महाराष्ट्रात नागपूर येथे विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ काम करू लागले. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ स्वतंत्र राज्य झाल्यावर रायपूर येथेही राज्याची हिंदी ग्रंथ अकादमी निघाली. अशा संस्थांची पुस्तके खाजगी प्रकाशनांच्या मानाने स्वस्त असतात. मात्र ती नेहमीच्या दुकानांत सहसा मांडलेली दिसत नाहीत. विद्यार्थ्याने त्यांची सूची मागवून पाहणे हितावह ठरते.

दुर्ग-भिलाईतील मराठी कुटुंबांच्या बाबतीत येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा जिल्हा व विदर्भ एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे नागपूरहून मराठी पुस्तके आणण्याची प्रवृत्ती अनेक घरांत आढळते. विषय समजून घेण्यास मातृभाषेतील पुस्तक निःसंशय उपकारक ठरते. परंतु परीक्षा हिंदीत वा इंग्रजीत द्यावयाची असेल, तर परिभाषेतील भेद विसरून चालत नाही. मराठीत ज्यास मागणी व पुरवठा म्हणतात, त्यास हिंदी अर्थशास्त्रात माँग व पूर्ति म्हणतात. भांडवल तेथे पूँजी होते आणि घनतेचे घनत्व होते. म्हणून मराठी पुस्तक ग्रंथालयातून वा आप्तांकडून मिळवावे, आणि विकत घेण्याचा पैसा परीक्षेच्या भाषेतील पुस्तकासाठी राखून ठेवावा.

खरेदीपूर्वीची तपासणी

सर्वांत मोठी बचत दुकानात जाण्यापूर्वीच होते. अभ्यासक्रमपत्रिकेच्या शेवटी जी नावे दिलेली असतात, त्यांत पाठ्यपुस्तके कोणती व संदर्भग्रंथ कोणते, हे प्रथम विचारून घ्यावे. पाठ्यपुस्तक रोज हाताशी लागते. संदर्भग्रंथातील एखादे प्रकरण वर्षातून एकदोनदा वाचावे लागते. पहिल्यास घरात जागा असावी, दुसऱ्यास ग्रंथालयात. यादीत दहा नावे आहेत म्हणून दहा पुस्तके घ्यावयाची, असा तिचा अर्थ नसतो. शक्य तेथे अध्यापनाचे पहिले दोन आठवडे जाऊ द्यावेत. तेवढ्या अवधीत प्राध्यापक प्रत्यक्षात कोणत्या पुस्तकाच्या आधारे शिकवितात हे स्पष्ट होते, आणि वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून कोणते पुस्तक खरोखर उपयोगी पडले याचीही माहिती मिळते.

त्यानंतर आवृत्तीचा प्रश्न येतो. नवी आवृत्ती निघाली की जुनीची बाजारातील किंमत एकदम कोसळते. प्रकाशकांस वारंवार नव्या आवृत्त्या काढण्याचा मोह होतो, तो काही अंशी यामुळेच; कारण जुन्या प्रतींच्या विक्रीतून त्यांस काहीच मिळत नाही. तेव्हा विद्यार्थ्याने दोन्ही आवृत्त्यांच्या अनुक्रमणिका शेजारी ठेवून पाहाव्यात आणि बदल कोठे झाला आहे ते तपासावे. याबाबत विषयाविषयांत मोठा फरक असतो.

भौतिकीचे उदाहरण घ्या. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या बदलली. त्यापूर्वीच्या पुस्तकांत ती पॅरिसजवळ जतन केलेल्या धातूच्या वृत्तचितीवरून दिलेली आढळते. आता ती प्लांकच्या स्थिरांकावर आधारलेली आहे. परंतु या बदलाने यामिकी, उष्णता वा प्रकाश यांवरील प्रकरणे निरुपयोगी होत नाहीत. जुन्या प्रतीत एक पान पेन्सिलीने दुरुस्त केले की काम भागते. कलनशास्त्र, बीजगणित, स्थापत्यातील बलविचार किंवा प्राचीन इतिहास यांचीही स्थिती बहुधा अशीच असते.

याउलट वाणिज्य व विधी या शाखांत जुने पुस्तक विद्यार्थ्याची दिशाभूल करू शकते. कंपन्यांविषयीच्या १९५६ च्या कायद्याची जागा २०१३ च्या कायद्याने घेतली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि अप्रत्यक्ष करांवरील त्यापूर्वीची पुस्तके एका दिवसात कालबाह्य ठरली. १८६० ची दंडसंहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात कलमांचे क्रमांकही बदलले. अशा विषयांत नव्या पुस्तकावर केलेला खर्च हीच बचत होय. संगणकशास्त्र व औषधशास्त्र यांबाबतही सावधगिरी आवश्यक असते. जेथे निसर्गाचे नियम शिकावयाचे तेथे जुनी आवृत्ती सहसा चालते, आणि जेथे माणसाने केलेले नियम शिकावयाचे तेथे नवी आवृत्ती लागते, असा स्थूल निकष सांगता येईल.

कोणती आवृत्ती हाती आहे हे ओळखण्याचे साधन पुस्तकातच असते. मुखपृष्ठाच्या पाठोपाठच्या मुद्रणविषयक पानावर आवृत्ती, वर्ष आणि आंतरराष्ट्रीय प्रमाणित ग्रंथक्रमांक छापलेला असतो. हा क्रमांक पूर्वी दहा अंकी असे. १ जानेवारी २००७ पासून तो तेरा अंकी झाला. भारतात निघालेल्या पुस्तकांत ९७८ या अंकांनंतर बहुधा ८१ किंवा ९३ हे अंक येतात. कापडी बांधणीची, कागदी बांधणीची व अल्पमोली अशा प्रत्येक आवृत्तीस वेगळा क्रमांक दिलेला असतो. म्हणून दूरच्या विक्रेत्याकडून पुस्तक मागविताना केवळ नाव व लेखक न सांगता हा क्रमांक कळविला, तर चुकीची प्रत येण्याची भीती राहत नाही. अमेरिकेत २००८ च्या एका कायद्याने महाविद्यालयांवर नेमलेल्या पुस्तकांचे क्रमांक व किमती सत्रापूर्वीच प्रसिद्ध करण्याची जबाबदारी टाकली. निवड करणारा एक व पैसे देणारा दुसरा असतो, तेव्हा किंमत निदान निवडीच्या वेळी समोर असावी, असा त्यामागील विचार होता. जेथे असा नियम नाही, तेथे विद्यार्थ्यांनी वर्गातच हा प्रश्न विचारण्यास संकोच करू नये. बहुतेक अध्यापक स्वस्त पर्याय आनंदाने सुचवितात.

एक प्रत, अनेक वाचक

पुस्तक अनेकांच्या उपयोगी पडावे यासाठी समाजाने निर्माण केलेली सर्वांत जुनी संस्था म्हणजे ग्रंथालय. १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडणारे डॉ. शि. रा. रंगनाथन् हे मूळचे गणिताचे अध्यापक होते. ग्रंथ जतन करण्यासाठी नसून वापरण्यासाठी आहेत, हा त्यांच्या विचाराचा पाया होता. महाविद्यालयाच्या शुल्कात ग्रंथालयाचा वाटा बहुधा समाविष्ट असतो; म्हणजे तेथील पुस्तकांचे मूल्य विद्यार्थ्याने आधीच चुकते केलेले असते. असे असूनही सत्रारंभी पहिल्या आठवड्यात ग्रंथालयात जाणारे थोडे आणि परीक्षेच्या तोंडावर तेथे गर्दी करणारे पुष्कळ, असा अनुभव येतो. पुस्तकाच्या प्रती अपुऱ्या असल्यास ग्रंथपालाकडे लेखी मागणी करावी. वर्षाची खरेदी ठरविताना अशा मागण्यांचा उपयोग होतो.

ग्रंथालयाचेच एक विशेष रूप म्हणजे ग्रंथपेढी. तिच्यात पुस्तके पंधरा दिवसांसाठी न देता संपूर्ण सत्रासाठी किंवा वर्षासाठी संचाच्या रूपाने दिली जातात आणि परीक्षेनंतर परत घेतली जातात. जुलै १९७५ मध्ये जाहीर झालेल्या वीस कलमी कार्यक्रमात विद्यार्थ्यांना नियंत्रित दराने पुस्तके व लेखनसाहित्य देण्याचे कलम होते, आणि त्या दशकात ग्रंथपेढीची कल्पना महाविद्यालयांत रुजली. १९७८-७९ मध्ये वैद्यक व अभियांत्रिकी शाखांतील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारने ग्रंथपेढीची योजना सुरू केली. या शाखांची पुस्तके सर्वांत महाग असतात आणि केवळ त्यांच्या अभावी विद्यार्थी शिक्षण सोडून जातात, हे त्यामागील कारण होते. एक संच एकाहून अधिक विद्यार्थ्यांनी वापरावा आणि संचाचे आयुष्य तीन वर्षांचे धरावे, असे या योजनेत ठरविण्यात आले. वर सांगितलेल्या सूत्राचाच हा शासकीय अवतार होय. आपल्या महाविद्यालयात ग्रंथपेढी आहे काय, तिच्यासाठी अनामत किती भरावी लागते आणि अर्जाची मुदत कोणती, याची चौकशी प्रवेशाच्या दिवशीच करावी. कारण संच मोजके असतात व आधी येणाऱ्यास आधी मिळतात.

जेथे ग्रंथपेढी नाही, तेथे विद्यार्थी आपसांत लहानशी पेढी उभारू शकतात. समजा, बोरसीत राहणारे चार विद्यार्थी एकाच वर्गात आहेत आणि पाच विषयांस प्रत्येकी ५०० रुपयांचे एक पुस्तक लागते. प्रत्येकाने सर्व पुस्तके घेतली, तर वीस प्रतींचे १०,००० रुपये, म्हणजे माणशी २,५०० रुपये होतील. परंतु गणित व भौतिकी या दोनच विषयांत रोज उदाहरणे सोडवावी लागतात. त्यांच्या प्रत्येकी चार, म्हणजे एकूण आठ प्रती घ्याव्यात. त्यांचे ४,००० रुपये होतील. उरलेल्या तीन विषयांच्या प्रत्येकी दोनच प्रती घ्याव्यात. त्या सहा प्रतींचे ३,००० रुपये होतील. एकूण खर्च ७,००० रुपये, म्हणजे माणशी १,७५० रुपये. वर्षअखेर सर्व पुस्तके निम्म्या किमतीत विकली, तर ३,५०० रुपये परत येतील आणि प्रत्येकाचा निव्वळ खर्च ८७५ रुपये राहील. अशा व्यवस्थेत दोन गोष्टी पाळाव्या लागतात. कोणते पुस्तक कोणत्या आठवड्यात कोणाकडे, हे लिहून ठेवावे. आणि परीक्षेपूर्वीच्या शेवटच्या पंधरवड्याचे वाटप सत्रारंभीच करावे. बहुतेक भांडणे त्याच पंधरवड्यात होतात.

जुन्या पुस्तकांच्या व्यापाराचे मोठे केंद्र म्हणून पुण्याचा अप्पा बळवंत चौक किंवा कोलकात्याचा कॉलेज स्ट्रीट यांची नावे घेतली जातात. लहान शहरात एवढा बाजार नसला, तरी वरचा वर्ग व खालचा वर्ग यांच्यात थेट व्यवहार होऊ शकतो आणि त्यात मध्यस्थाचा नफा वाचतो. विकणाऱ्याने परीक्षा संपताच पुस्तक विकावे. एक वर्ष थांबल्यास अभ्यासक्रम वा आवृत्ती बदलण्याचा धोका असतो. पुस्तकास वेष्टन घालणे, खुणा पेन्सिलीने करणे आणि सुटू लागलेली पाने वेळीच चिकटविणे यांत जो थोडा श्रम पडतो, त्याचा मोबदला विक्रीच्या वेळी मिळतो.

छायाप्रती, कायदा आणि मोफत साहित्य

महाग पुस्तकातील एखादेच प्रकरण हवे असेल, तर त्याची छायाप्रत घेता येते काय, हा प्रश्न दिल्ली विद्यापीठात न्यायालयापर्यंत गेला. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज व टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस या तेथील छायाप्रतीच्या दुकानाविरुद्ध आणि विद्यापीठाविरुद्ध दावा लावला. निरनिराळ्या ग्रंथांतील निवडक प्रकरणे एकत्र करून विद्यार्थ्यांस दिली जातात, ही त्यांची तक्रार होती. १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. त्याच वर्षी ९ डिसेंबर रोजी खंडपीठाने काही तथ्यांची तपासणी पुन्हा व्हावी असे म्हटले. तथापि अध्यापनाच्या ओघात, त्या कामासाठी जेवढा भाग आवश्यक असेल तेवढ्याच्या प्रती काढण्यास १९५७ च्या कृतिस्वामित्व कायद्याचे कलम ५२ मुभा देते, हे तत्त्व खंडपीठानेही मान्य केले. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

या मुभेस मर्यादा आहे. अभ्यासासाठी प्रकरणाची प्रत काढणे वेगळे, आणि संपूर्ण पुस्तक चोरून छापून विकणे वेगळे. दुसरी गोष्ट दंडनीय अपराध आहे. अशा चोरट्या प्रती स्वस्त वाटतात, परंतु त्यांत आकृत्या पुसट असतात, सूत्रांतील घातांक उडालेले असतात, आणि पुढे त्यांना गिऱ्हाईक मिळत नाही. ग्रंथ वाजवी किमतीत मिळावेत म्हणून कायद्याने प्रकट मार्गही दिलेला आहे. १९८३ च्या दुरुस्तीनुसार, परदेशी पुस्तक ठराविक मुदतीत वाजवी किमतीस भारतात उपलब्ध झाले नाही, तर ते येथे छापण्याचा परवाना मागता येतो. विज्ञान, गणित व तंत्रशास्त्र यांच्या पुस्तकांसाठी ही मुदत तीन वर्षांची आहे. असा परवाना क्वचितच मागितला जातो. पण किमती आवाक्याबाहेर नेल्यास तो मागितला जाऊ शकतो, ही जाणीव प्रकाशकांस असते.

शिवाय संगणक व भ्रमणध्वनी यांद्वारे आज पुष्कळ साहित्य विनामूल्य वाचता येते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची स्वयंअध्ययन पुस्तके ‘ई-ज्ञानकोश’ या संग्रहात ठेवलेली आहेत. कला व वाणिज्य शाखांच्या विद्यार्थ्यांस त्यांतील हिंदी साहित्य विशेष उपयोगी पडते. भारतीय तंत्रज्ञान संस्थांची अभियांत्रिकीवरील व्याख्याने २००३ पासून सुरू झालेल्या एका राष्ट्रीय उपक्रमातून मिळतात. खडगपूर येथील संस्थेने उभारलेले राष्ट्रीय अंकीय ग्रंथालय २०१८ मध्ये राष्ट्रास अर्पण करण्यात आले. अमेरिकेतील राईस विद्यापीठाने २०१२ पासून महाविद्यालयीन पाठ्यपुस्तके सर्वांस मुक्त केली आहेत. मात्र येथेही हिशेब विसरू नये. पडद्यावर वाचणे विनामूल्य असले, तरी ४०० पानांचे पुस्तक पानास एक रुपया दराने छापून घेतल्यास ४०० रुपये लागतील, आणि तेवढ्यात कदाचित छापील प्रतच मिळेल. हे साहित्य संदर्भासाठी वाचावे. मुख्य पुस्तक शक्यतो हाती धरता येईल असे असावे.

उपसंहार

पुस्तकांवरील काटकसर म्हणजे पुस्तकांवाचून राहणे नव्हे. जो विद्यार्थी कोणते पुस्तक रोज लागेल व कोणते क्वचित लागेल हे ठरवितो, आवृत्ती तपासतो, ग्रंथपेढीत वेळेवर अर्ज करतो, सोबत्यांशी वाटून घेतो आणि वर्षअखेर आपली प्रत पुढच्याच्या हाती देतो, त्यास निम्म्याहून कमी खर्चात संपूर्ण अभ्यास करता येतो. या उपायांपैकी एकासही श्रीमंती लागत नाही. लागते ती थोडी आधीची चौकशी आणि थोडा परस्परांवरील विश्वास. एखाद्या जुन्या पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानावर निरनिराळ्या अक्षरांत लिहिलेली तीन-चार नावे आढळतात. शेवटचे सोडून सारी खोडलेली असतात. ते पुस्तक किती स्वस्त पडले, याचा खरा हिशेब त्या पानावर असतो.